महाविद्यालयाच्या कुंपणाआत

बारावीचा निकाल लागला की आमच्या तुये गावात शिक्षकांच्या घरी माणसांची ये-जा वाढते. कोणी पेढे घेऊन येतो, कोणी गुणपत्रिका घेऊन. या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मातेने मात्र गुणपत्रिका पिशवीतून बाहेर काढलीच नाही. ती म्हणाली, "टीचर, मुलीला मुंबईत प्रवेश मिळतो आहे. शिकवणे चांगले आहे असे सगळेच सांगतात. ती तिथे सुखरूप राहील का, तेवढे तुम्ही सांगा." वसतिगृहाचे कुंपण उंच आहे, दाराशी पहारेकरी असतो, फाटक सात वाजता बंद होते, एवढी माहिती तिने आधीच मिळवलेली होती. मी तिला लगेच उत्तर देऊ शकले नाही. घरी बसून जो विचार केला, तोच आज आपल्यापुढे मांडते.

गोमंतकाला हा प्रश्न नवा नाही. १९६२ साली पणजीत धेंपे महाविद्यालय निघेपर्यंत कला वा विज्ञान शाखेची पदवी घ्यावयाची तर बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. त्या काळी मुंबईस जाणाऱ्या ख्रिस्ती गोमंतकीयांसाठी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या 'कुडी' होत्या. काही आजही आहेत. एका गावाची एक कूड. भिंतीलगत ओळीने लावलेल्या पेट्या, कोपऱ्यात वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेथे प्रामुख्याने जहाजावरील खलाशी आणि नोकरीच्या शोधात आलेले तरुण उतरत. दाराशी बंदूकवाला पहारेकरी नव्हता. परंतु तेर्सेच्या वेळी अमक्याचा मुलगा अजून परतला नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात येई. प्रार्थनेत हजेरीही होऊन जाई, असे म्हटले तर देव रागावणार नाही. स्त्रियांसाठी अशी सोय फारशी नव्हती, हेही सांगावयास हवे.

आता याच्या शेजारी एक अलीकडची घटना ठेवून पाहू. २०२३ च्या जून महिन्यात मुंबईत चर्नी रोड भागातील एका शासकीय महिला वसतिगृहात अठरा-एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा खून झाला. इमारत शासनाची, भोवती कुंपण, दाराशी पहारा. सुट्टीचे दिवस असल्यामुळे बहुतेक मुली गावी गेल्या होत्या आणि चौथ्या मजल्यावर ती एकटीच उरली होती. संशय त्याच वसतिगृहात पहाऱ्याचे काम करणाऱ्या माणसावर होता; त्याने त्याच दिवशी आगगाडीखाली जीव दिला. मुलगी विदर्भातून शिकावयास आलेली होती. तिच्या आईवडिलांनीही प्रवेश घेताना कुंपण आणि पहारा पाहून समाधानच मानले असेल.

ही घटना मी भय घालण्यासाठी सांगत नाही. तिच्यातून एक प्रश्न निघतो, तो पालकांनी वसतिगृहाच्या अधीक्षिकेला अवश्य विचारावा. सुट्टीत, परीक्षेनंतर, सणावारी मागे किती मुली राहतात? त्यांना एका मजल्यावर एकत्र आणतात की ज्या त्या खोलीत एकेकटे ठेवतात? जूनमध्ये गजबजलेली इमारत पाहून आपण परत येतो. मे महिन्यातील तीच इमारत आपण पाहिलेली नसते.

आपण परक्याला भितो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत मात्र बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक ठिकाणी आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. म्हणजे उंच कुंपण ज्याला अडवते तो क्वचितच धोक्याचा असतो, आणि जो धोक्याचा असतो तो अनेकदा कुंपणाच्या आतच असतो: सहाध्यायी, वरच्या वर्गातील विद्यार्थी, कर्मचारी, कधी अध्यापक. तेव्हा खरी परीक्षा तक्रारीची. आतल्या माणसाविरुद्ध तक्रार करावयाची झाली, तर ऐकणारे कोणी आहे का?

यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली नियम केले आहेत. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत लैंगिक छळाच्या चौकशीसाठी अंतर्गत तक्रार समिती असावी, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री-अध्यापक असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात, बाहेरच्या सामाजिक संस्थेची एक व्यक्ती असावी, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असल्यास निवडून आलेले विद्यार्थीही असावेत. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावयाची आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयाची. आणखी एक बारीक गोष्ट या नियमांत आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख यांच्यासारख्या वरिष्ठ पदाधिकाऱ्यांनी समितीवर असू नये. समितीच्या फलकावर पहिलेच नाव अशा पदाधिकाऱ्याचे दिसले, तर त्या संस्थेने नियम वाचलेला नाही असे खुशाल समजावे.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीबरोबर एका शहरातील महाविद्यालय पाहावयास गेले होते. कार्यालयातील गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे आजवर एकही तक्रार नाही." मला त्या क्षणी बरे वाटले. मग जिन्याजवळचा फलक पाहिला. त्यावरील दूरध्वनी क्रमांक लावला, तो बंद होता. बाकावर बसलेल्या दोन मुलींना समितीच्या अध्यक्ष कोण म्हणून विचारले, तर एक म्हणाली, "अशी समिती असते का?" त्या शून्याचा अर्थ मला तेव्हा उमगला. पंधराशे मुले जेथे शिकतात तेथे वर्षानुवर्षे एकही तक्रार नसणे हे मला आता शुभलक्षण वाटत नाही. दोन तक्रारी आल्या, त्यांची चौकशी झाली, एकात शिक्षा झाली, असे सरळ सांगणाऱ्या प्राचार्यांवर मी अधिक विश्वास ठेवीन. संस्थेच्या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल आणि मूल्यांकनासाठी दिलेली माहिती बहुधा असते. त्यात हे आकडे शोधावेत. मुलांना ते आपल्यापेक्षा लवकर सापडतात.

अमेरिकेत हे आकडे प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक आहे. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्याच विद्यापीठातील विद्यार्थ्याने खून केला. आपोआप बंद होणारी दारे कोणी तरी वस्तू अडकवून उघडी ठेवली होती. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १९९० साली कायदा झाला, की महाविद्यालयांनी आपल्या आवारातील गुन्ह्यांची माहिती दरवर्षी जाहीर करावी. आपल्याकडे सर्व गुन्ह्यांचा असा लेखाजोखा पालकांपुढे ठेवण्याचा कायदा नाही. म्हणूनच प्रश्न विचारण्याचे काम आपल्यावर येते.

मुलगा असला म्हणजे काळजी नको, असे मानणारे पुष्कळ आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाचा एक मुलगा सज्जातून पडून मरण पावला. रॅगिंगच्या त्या प्रकरणात पहिली अटक झाली ती शिक्षण संपल्यावरही वसतिगृहातच राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याला. २००९ च्या नियमांनुसार नवागतांना शक्य तो वेगळ्या इमारतीत ठेवावयाचे असते. तसे ठेवतात का, आणि शिकून झालेले कोणी खोल्या अडवून बसले आहेत का, हे मुलाच्या बापाने विचारावे. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर आपण न वाचताच सही ठोकतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ हा आहे. तो मुलाच्या वहीत लिहून द्यावा.

वसतिगृह न मिळाल्यास खाजगी खोली घ्यावी लागते. २०२४ च्या जुलैत दिल्लीत एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले, तेव्हा जिना किती व बाहेर पडावयाची दारे किती, हे भाडे ठरवण्यापूर्वी मोजावे. आणि महाविद्यालयापासून खोलीपर्यंतचा रस्ता रात्री नऊ वाजता स्वतः चालून पाहावा. आमच्या तुयेहून म्हापशास जाणाऱ्या मुलीला शेवटची बस चुकली तर कोणत्या दुकानात थांबावे हे ठाऊक असते. शहरात तिला अशी दोन दुकाने पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवावयास सांगावे.

सात वाजता बंद होणाऱ्या फाटकाचे काय? त्याच २०१५ च्या नियमांत म्हटले आहे, की सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांहून वेगळे, जाचक नियम लावू नयेत. मला हे वाचून प्रथम नवलच वाटले, कारण मीही कडक शिस्तीत वाढलेली. परंतु प्रयोगशाळेतून साडेसातला निघालेली मुलगी बंद फाटकाबाहेर उभी राहते, ती सुरक्षित कशी? उशिराची नोंद झाली की घरी पत्र जाणार, या धास्तीने कित्येकदा ती परत येण्याचेच टाळते आणि भलतीकडे रात्र काढते.

हे सारे मी त्या मातेला दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगितले. तिने प्रश्न कागदावर उतरवून घेतले. मुलगीही शेजारी बसून ऐकत होती. मग मी आणखी एक विचारले, "उद्या हिने दूरध्वनीवर सांगितले, की अमका मला त्रास देतो, तर तुम्ही काय कराल?" माता तत्काळ म्हणाली, "परत घेऊन येईन." मुलीने मान खाली घातली. मी म्हटले, "म्हणूनच ती तुम्हांला सांगणार नाही. तक्रार केली की शिक्षण संपले, हे मुलींना पक्के ठाऊक असते. तिचे शिक्षण थांबवणार नाही, असे वचन आज तिच्यासमोर देता येईल का?"

ती बराच वेळ पदराशी चाळा करीत बसली. शेवटी म्हणाली, "टीचर, ते मला आधी हिच्या बापाशी बोलावे लागेल."