लेकराचा श्वास मोजायला शिका

धानाची मळणी आटोपता आटोपता आपल्या गोंदिया जिल्ह्यात थंडी पडते. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या जंगलपट्टीत तर अंमळ जास्तच. खळ्यावर भुसा उडतो, घरात चुलीचा धूर, पहाटे शेकोटी. लेकरं खोकू लागतात. बहुतेकांचा तो साधा सर्दी-खोकला असतो, आपोआप जातो. पण एखाद्याला न्यूमोनिया झालेला असतो. तो घरच्या घरी ओळखायचा कसा, ते इथं छापलं आहे, म्हणजे रेडिओवर ऐकलेले आकडे विसरायला नकोत. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनीही वाचावं. सुटीत घरी आलात की शेजारची बाई पहिल्यांदा तुम्हालाच विचारणार.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांत पू-पाणी भरतं. हवा आत गेली तरी प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही. मग लेकरू ती कसर भरून काढायला भराभर श्वास घेतं. खोकल्याच्या आवाजावरून किंवा नुसत्या तापावरून हे कळत नाही, श्वास मोजल्यावर कळतं.

मोजायचं असं. लेकरू शांत असावं, झोपलेलं असलं तरी चालेल. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. अंगडं वर करून पोटाकडे बघा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची सवय काही शिकाऊ नर्सेसना लागते. लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो, तिथं ती फसवते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर श्वास वेगाचा समजा. तान्ह्याचे 60 भरले तर एकदा पुन्हा मोजून खात्री करा.

हे काम शिकलेल्यांनाच जमतं असं नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1988 साली गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेलं साधं साधन केलं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत आलं की न्यूमोनिया. या कामाचा अहवाल 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू इतर गावांच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. मणी नसतील तर तुरीचे दाणे घ्या, काम तेच.

श्वास वेगाचा निघाला तर आशाताईला बोलवा किंवा उपकेंद्र गाठा. तिथं बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघतात. साध्या न्यूमोनियाला अमॉक्सिसिलिनचं औषध वजनाप्रमाणे, बहुधा पाच दिवस देतात. दोन दिवसांत लेकरू खेळू लागलं म्हणून बाटली फळीवर ठेवू नका. सलाईन लावलं म्हणजेच इलाज झाला, हीही समजूत सोडा.

मात्र फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल (आपल्याकडे पोट उडतं म्हणतात), लेकरू दूध-पाणी पीत नसेल, ओठ निळे पडले, झटके आले किंवा ते सुस्त पडलं, तर श्वास मोजत बसू नका. 108 ला फोन करून थेट मोठा दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास वेगाचा असेल किंवा अंग गार लागत असेल, तरी तसंच. पोटाला चटके देऊ नका. त्यानं न्यूमोनिया जात नाही, वर जखम होते आणि वेळ हातचा जातो.

दुकानातून खोकल्याचं औषध आणून पाजणंही बंद करा. 2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या कफ सिरपनं लेकरं दगावली. दोन वर्षांखालच्यांना तर असं औषध देऊच नये.

लसीचं कार्डही काढून बघा. न्यूमोकोकल लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यानंतर. राहिली असेल तर नर्सताईला विचारा.

दवाखान्यात नेताना बाळ उबदार गुंडाळा, पण तोंड झाकू नका. पीत असेल तर वाटेत अंगावर पाजत राहा. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांनी श्वास पुन्हा मोजा, आणि आकडा खाली आला नसेल तर औषध संपायची वाट न बघता परत दाखवा.