जुनी दोन दारांची आलिशान गाडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑडी टीटी किंवा मर्सिडीज एसएलके अशा दोन दारांच्या गाड्यांची जोडणी भारतात झाली नाही. त्या तयार स्थितीतच आयात झाल्या. चाळीस-पन्नास लाखांची अशी गाडी पंधरा वर्षांनी साध्या नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते आणि त्यामुळे ती स्वस्त पडते, असा समज होतो. मात्र भाव गाडीचा उतरतो, सुट्या भागांचा उतरत नाही. हेडलाइट किंवा गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट आजही त्या मूळ किमतीच्या हिशेबानेच येतो. अमरावती-अकोल्यातून कंपनीच्या वर्कशॉपसाठी नागपूर गाठावे लागते : अमरावतीहून सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. बंद पडलेली गाडी तिथवर न्यायचे भाडेही मालकाच्याच खिशातून जाते.

मीटरवर किलोमीटर कमी म्हणजे गाडी चांगली, हा सर्वांत पक्का रुजलेला समज. मीटर मागे फिरवता येते, हे जवळपास सर्वांना ठाऊक असते. न फिरवलेले कमी किलोमीटरही धोक्याचे असू शकतात, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीचे रबरी होज, बुश आणि कूलंटची प्लास्टिकची टाकी न चालताच कडक होऊन तडकतात. होजच्या जोडाशी पांढरट किंवा रंगीत सुकलेला थर दिसला, तर तिथून कूलंट झिरपलेले असते. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक असते, पण कडेला ‘डीओटी’ खुणेच्या ओळीत शेवटचे चार आकडे ‘२३१७’ असतील, तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर असा टायर घेऊन जाणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल, तर बॉनेटला हात लावताच कळते. चावी फिरवल्यावर इंजिन आणि एअरबॅगचे दिवे आधी लागून मग विझायला हवेत. दिवा लागलाच नाही, तर दोष लपवण्यासाठी तो बंद केलेला असण्याची शक्यता मोठी. स्कॅनर लावला की काही गाड्यांच्या वेगवेगळ्या युनिटमध्ये नोंदलेले किलोमीटर मीटरशी जुळत नसल्याचेही उघड होते. हजार-दोन हजारांची ही तपासणी टाळणारा ग्राहक भावात मात्र तासभर घासाघीस करतो.

आपल्याकडचे रस्ते या गाड्यांना झेपत नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी. अमरावती–अकोला मार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून गिनीज विक्रम झाला. अडचण महामार्गावर नसते. ती गल्लीतल्या उंच गतिरोधकांवर येते.

कागदपत्रांबाबतचे गैरसमज सर्वांत महागात पडतात. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की गाडी आपली झाली, असे मानले जाते. प्रत्यक्षात फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव लागल्याशिवाय मालकीची नोंद बदलत नाही. बँकेचा बोजा असेल, तर तो फॉर्म ३५ ने आधी उतरवावा लागतो. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीतल्या मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे विकणाऱ्यालाही घाई हवी. विम्याचा थर्ड पार्टी भाग नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाव बदलल्याशिवाय अडतो. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून जुन्या मालकाचा असतो.

पुणे पासिंगची गाडी घेतली की अमरावतीचा एमएच-२७ किंवा अकोल्याचा एमएच-३० नंबर घ्यावा लागतो, हाही गैरसमजच. राज्याच्या आत नंबर तोच राहतो. दिल्लीची गाडी मात्र वेगळी. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या स्वस्तात बाहेर येतात. एनओसी, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर धरला, की स्वस्ताई बरीचशी ओसरते.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते, असेही नाही. महाराष्ट्रात तपासणीत उत्तीर्ण झाल्यास नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. पर्यावरण कर वेगळा. फक्त शुल्क पाहून ठेवावे : १ एप्रिल २०२२ पासून साध्या कारला ५ हजार, आयात कारला ४० हजार रुपये, ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांपुढे हेच आकडे १० हजार आणि ८० हजार झाले. २००६ ची आयात गाडी २०२६ मध्ये विकायला निघते, तेव्हा तिच्या कमी भावात हा खर्चही दडलेला असतो.