दुर्बीण कुठे रोखायची, हे औंढ्याहून कळेल

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ ज्योतिर्लिंगामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच तालुक्यात दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जाणार आहे. आकाशाकडे रोखलेली दुर्बीण तिथे नसेल, तरी अवकाशातल्या दुर्बिणींना तिचा मोठा आधार होईल.

जिथून प्रकाशच येत नाही

हबल, चंद्रा, फर्मी या दुर्बिणी प्रकाश, क्ष-किरण, गॅमा किरण टिपतात. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली, तर बहुधा यातलं काहीच हाती लागत नाही. अशी एक टक्कर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने गुरुत्वीय लहरींवरून, म्हणजे अवकाश-काळात उठलेल्या तरंगांवरून पकडली. ती घडली होती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर!

यंत्र आणि थरथर

लायगोच्या यंत्राच्या दोन भुजा म्हणजे काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या. लेसरचा झोत दुभागून दोन्हींत सोडायचा आणि टोकाच्या आरशांवरून परत आणायचा. लहर आली की एक भुजा लांबते, दुसरी आखडते. पण हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. म्हणून रेल्वे, कारखाने, जड वाहतूक यांपासून दूरची जागा लागते.

इथे हिंगोलीकर विचारणारच, आमच्याकडच्या भूकंपाचं काय? २१ मार्च २०२४ ला जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. शंका रास्त आहे, बांधकामात ती धरावीच लागेल. पण धक्क्याने मोजणी तेवढ्यापुरती खंडित होते. रोजची अखंड थरथर मोजमापाला जास्त छळते.

पत्ता कसा लागतो

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली. १.७ सेकंदांनी फर्मीला गॅमा किरण दिसले. इटलीतलं व्हर्गो केंद्रही चालू असल्याने शोधायचं क्षेत्र आकसलं आणि काही तासांतच एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत ती जागा सापडली. मग हबल, चंद्रा तिकडे वळल्या. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात, याचा भक्कम पुरावा त्या प्रकाशातून मिळाला.

लहर कोणत्या केंद्रावर किती आधी पोचली, यावरून दिशा काढतात. केंद्रं जितकी दूरदूर, तितका अंदाज नेमका. अमेरिका, इटली, जपान यांच्या जोडीला औंढा म्हणूनच हवं.

काम कुठवर

तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ची, २,६०० कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची. सात वर्षं जरा जास्तच झाली. प्रकल्पात पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था आहे. गोंगाटातून असे क्षीण संकेत वेचण्याच्या गणितावर तिथल्या संजीव धुरंधर यांनी १९९० च्या दशकातच काम केलं होतं.