वस्तीतील परिचर्या : विद्यार्थिनी तेथे काय शिकतात?

आपल्या संस्थेच्या साहाय्याने शिकणाऱ्या मुलींत परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या काही मुली दर वर्षी असतात, आणि त्यांच्या पालकांकडून एक तक्रार हटकून येते. "मुलीला रुग्णालयात शिकावयास पाठविले, तिला गल्लोगल्ली, खेडोपाडी उन्हातान्हात कशासाठी हिंडवितात?" दुसऱ्या बाजूने, ज्या घरांच्या दारी ह्या मुली जातात तेथे, आणि त्यांत आपलीही घरे आली, "शिकाऊ पोरी आल्या, वह्या भरतील आणि जातील" असे म्हणून दार अर्धेच उघडले जाते. दोन्ही बोलण्यांना थोडाबहुत आधार आहे, हे मी पुढे सांगणारच आहे. परंतु हे वस्तीतील शिक्षण म्हणजे नेमके काय, हे आधी नीट कळले पाहिजे.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याची ही पद्धत निघाली ती एका धर्मादाय कार्यातून, ही गोष्ट आपल्या सभासदांस मुद्दाम सांगण्यासारखी आहे. इंग्लंडात लिव्हरपूल येथे विल्यम रॅथबोन नावाचे एक व्यापारी होते. १८५९ साली त्यांची पत्नी निवर्तली. तिच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने तिची सेवा केली होती. सुखवस्तू घरात शुश्रूषेने एवढा आराम पडतो, तर तो गरिबाच्या खोलीत का पडू नये, असे मनात येऊन रॅथबोन यांनी ह्याच बाईंना तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीत नेमले. महिना होतो न होतो तोच बाई परत आल्या. तेथील हाल पाहवत नाहीत, मला मोकळे करा, असे त्यांचे म्हणणे पडले. रॅथबोन यांनी धीर देऊन त्यांना पुन्हा पाठविले, आणि मुदत संपली तेव्हा त्याच बाई हे काम सोडावयास तयार होईनात! पुढे अशा परिचारिका पुरेशा मिळेनात. तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेऊन, लिव्हरपूलच्या इस्पितळाला जोडून त्यांच्या शिक्षणाची शाळा काढण्यात आली. शुश्रूषेच्या कामात मुरलेली बाई महिन्याभरात हतबल व्हावी ह्यातच सारे आले. खाटेपाशी निष्णात होणे आणि परक्याच्या घरात उपयोगी पडणे ह्या दोन निराळ्या विद्या आहेत.

आपल्याकडे घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका तयार करण्यासाठी १९१८ साली दिल्लीस लेडी रीडिंग आरोग्यशाळा निघाली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. त्या समितीने आरोग्याची व्यवस्था गावापासून वर बांधावयास सांगितले, आणि १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने हा विषय अभ्यासक्रमात आणला. २०२१ साली सुधारलेल्या पदवी अभ्यासक्रमात पाचव्या आणि सातव्या सहामाहीत शहरी व ग्रामीण वस्तीत प्रत्यक्ष काम करावे लागते, आणि शेवटच्या सहामाहीत पुन्हा. मुलगेही हा अभ्यासक्रम घेतात व त्यांनाही हे चुकत नाही. तेव्हा "आमच्या मुलीला तेवढे वगळा" अशी चिठ्ठी लिहून उपयोग नाही. तशी चिठ्ठी लिहूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णालयात रोगी आपल्या छपराखाली येतो. कपडे आपले, जेवणाची वेळ आपली, खिडकी उघडावयाची की मिटावयाची हे ठरविणारे आपण. घरी गेल्यावर सारे उलटे होते. तेथे परिचारिका पाहुणी. चप्पल कोठे काढावी येथपासून शिकावे लागते. चूल कोठे आहे, पाणी कोण भरते, पैसे कोणाच्या हाती असतात, सुनेशी बोलण्याआधी सासूशी बोलावे लागते की काय, हे दोन घटकांत जिला उमगते तिचे पुढचे काम निम्मे झाले. त्यासाठी प्रत्येक मुलीला काही कुटुंबे नेमून दिलेली असतात. त्यांच्याकडे ती पुन्हा पुन्हा जाते आणि प्रत्येक भेटीची नोंद त्या कुटुंबाच्या स्वतंत्र कागदपत्रांत ठेवते.

मुलींच्या खांद्याला असलेली पिशवी आपण पाहिली असेल. ती उघडण्याचा एक ठरलेला विधी आहे, आणि तो पाहून लोकांना हसू येते. आधी जमिनीवर वर्तमानपत्राचा कागद पसरावयाचा, त्यावर पिशवी ठेवावयाची. मग फक्त साबण व रुमाल काढून हात धुवावयाचे. त्यानंतर लागतील तेवढ्याच वस्तू काढून पिशवी मिटावयाची. तपासणी झाली की वस्तू पुसून स्वच्छ करावयाच्या, पुन्हा हात धुवावयाचे, आणि मगच वस्तू आत जावयाच्या. कागद उचलताना जमिनीला लागलेली बाजू आत घालून घडी करावयाची. कारण साधे आहे. तीच पिशवी सकाळी क्षयरोग्याच्या घरी जाते आणि दुपारी बाळंतिणीच्या. न धुतलेला हात एकदा आत गेला की ती पिशवी सेवेऐवजी रोग वाटीत फिरेल. शिवाय पाण्याची टंचाई असलेल्या घरात तांब्याभर पाण्यात हात नीट धुऊन दाखविणे, हा बोलून न दाखविता दिलेला धडाच असतो.

विचारणे ही त्याहून अवघड गोष्ट. गरोदर बाईला "लोहाच्या गोळ्या घेता का?" असे विचारले तर ती "घेते" म्हणणारच, दारी आलेल्या माणसाला नाही कशाला म्हणावे? म्हणून शिक्षिका मुलींना सांगतात की गोळ्यांची पट्टी बघावयास मागा. पट्टीवर गोळ्या तशाच दिसल्या तर रागावू नका, कारण विचारा. मळमळते, शौचाला काळे होते, गोळ्यांनी बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल असे शेजारीण म्हणाली, यांपैकी काहीतरी निघते. काळे होणे हे लोहामुळेच, त्यात भय नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर अधिक चांगली अंगी लागते. एवढे सांगून पुढच्या आठवड्यात पट्टी पुन्हा पाहावयाची. ही पुढच्या आठवड्याची भेट रुग्णालयात शिकविता येत नाही.

आमच्या बेळगावसारख्या गावी ह्यात भाषेची भर पडते. शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांतून एका दारी मराठी, दुसऱ्या दारी कन्नड, तिसऱ्या दारी उर्दू. विद्यार्थिनींत केरळातल्या मुलीही असतात. बरे, मराठी येणाऱ्या मुलीला तरी सारे कळते असे नाही. "अंगावरून जाते", "अंग बाहेर येते", "दिवस राहिलेत", "ढाळ लागलेत" ह्या बोली पुस्तकात नाहीत. अंगावरून पांढरे जाते की तांबडे, हे न विचारता पुढे गेलेली मुलगी फार मोठी गोष्ट सोडून गेली असे समजावे. घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला दुभाष्या करून आईची अशी दुखणी विचारू नयेत, हेही येथेच शिकावे लागते. त्यासाठी गल्लीतली आशा ताई किंवा एखादी जाणती काकू बरी.

बाळंतिणीच्या खोलीत मुलींची खरी कसोटी लागते. आपल्या घरांत शेक-शेगडी, धुरी, तेल लावणे, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, घुटी, सगळेच चालते. नवशिकी मुलगी हे सारे एका दमात मोडीत काढते, आणि आजी तिला पुन्हा घरात घेत नाही. शिक्षण म्हणजे ह्यातून निवड करणे. लाडू आणि खीर उत्तमच. हलक्या हाताने तेल लावण्यास सामान्यतः हरकत नाही. शेक हवा असेल तर कोंदट खोलीत पेटती शेगडी आणि धूर नको. कोळशाच्या विषारी वायूने माय-लेकरू दोघांच्या जिवाला धोका आहे. नाळेवर राख, हळद, तेल काही लावावयाचे नाही, ती कोरडी ठेवावयाची. सहा महिने आईच्या दुधाखेरीज घुटी, मध, पाणी काही नाही. तीन गोष्टी मान्य करून दोन गोष्टींना हरकत घेतली की आजी ऐकते, हा अनुभव आहे. मग स्प्रिंगच्या काट्याला झोळी अडकवून बाळाचे वजन होते, आणि ते पाहावयास शेजारची चार माणसे जमतात!

बाळाच्या पहिल्या महिन्यातील अशा घरभेटींचे मोल किती, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या कामाचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. आज रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे असा सरकारी नियम आहे, त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. उद्या आरोग्यकेंद्रात आशांच्या कामावर देखरेख करावयाची ती आपल्या ह्या मुलींनीच. भेट कशी द्यावी हे स्वतःला ठाऊक नसेल तर त्या दुसरीला काय दाखविणार?

जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी घ्या. पाकिटावर लिहिले असते, एक लिटर पाण्यात सगळे पाकीट एकदम घालावे. घरोघर होते काय, तर अर्धे पाकीट पेल्यात आणि अर्धे उद्यासाठी. म्हणून मुलीने त्या घरातलेच भांडे मागून घ्यावे, लिटरच्या बाटलीने मापून "ह्या तांब्याला येथपर्यंत" अशी खूण करून द्यावी, आणि पाणी आईच्याच हातून करवून घ्यावे. केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावयाचे. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डासांचेही तसेच. नळाला रोज पाणी येत नाही तेथे पिंप भरून ठेवू नका म्हणणे हा शुद्ध शहाणपणाचा आव झाला. त्यापेक्षा पिंपातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाला धरावे, वळवळणाऱ्या अळ्या घरधनिणीला दाखवाव्या, आणि अळीचा डास व्हावयास आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासावे व झाकून ठेवावे, असे सांगावे. एक पेला पाण्याने जे काम होते ते भिंतीवरच्या दहा तक्त्यांनी होत नाही.

आता तक्रारींविषयी. काही संस्था सोयीच्या त्याच त्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे मुली पाठवितात, माणसे मोजतात, वजने लिहितात, आणि पुढे त्या वहीचे काय झाले ते कोणास कळत नाही. लोक कंटाळतात ते ह्याला, आणि त्यात लोकांचा दोष नाही. रक्तदाब जास्त निघाला तर त्याच दिवशी आरोग्यकेंद्राची चिठ्ठी मिळाली पाहिजे. तुकडी परत जाताना सर्व नोंदी उपकेंद्राच्या सेविकेच्या हाती दिल्या पाहिजेत. शिक्षिका बरोबर नसताना मुलींना अनोळखी वस्तीत एकेकटे पाठवू नये, ही पालकांची मागणीही रास्त आहे. संस्थेची शिष्यवृत्ती ज्या महाविद्यालयात जाते, तेथे ह्या गोष्टी विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि तो आपण बजावला पाहिजे.

घरी विद्यार्थिनी आली तर तिचे ओळखपत्र पाहावे, शिक्षिकेचे नाव विचारावे. जे सांगावयाचे नसेल ते सांगितले नाही तरी चालते, आणि सांगितलेले ती बाहेर बोलणार नाही, असा तिच्यावर निर्बंध असतो. रक्तदाब, वजन, साखर काहीही मोजले तर आकडा कागदावर लिहून मागून घ्यावा, आणि पुन्हा कधी येणार तो वारही. हात धुवावयास मात्र तिला पाणी द्यावे.