बंद खोलीतला शब्द

आमच्या कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालायचे ते दहा माणसांच्या देखत. एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचे; म्हणजे ‘मी ऐकलेच नव्हते’ म्हणायला पुढे कुणाला जागा राहत नाही. वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळ, तळ्याकडे तोंड करून आम्ही चौघे बसलो होतो. गोष्टी फिरून फिरून राजकारणावर आल्या, तेव्हा आमचे मामा म्हणाले, “मुंबैवाल्यांनी असा एक गाऱ्हाणा घातल्यानी असता, तर २०१९चो घोळ झालोच नसतो!”

मामांचे म्हणणे मला पटले. १८ फेब्रुवारी २०१९ रोजी युती जाहीर झाली, तेव्हा पदे आणि जबाबदाऱ्या समसमान, हे चारचौघांत सांगितले गेले. पण मुख्यमंत्रिपद त्या ‘समसमान’मध्ये धरायचे की नाही? ते बंद खोलीत ठरले होते, असे शिवसेनेचे म्हणणे. तसे काही ठरलेच नव्हते, असे भाजपचे. २४ ऑक्टोबरला निकाल लागले. भाजप १०५, शिवसेना ५६. बहुमताला हवे होते १४५ आणि दोघांची बेरीज होत होती १६१! आकडे पुरून उरत होते, अडले ते शब्दापाशी. मग राष्ट्रपती राजवट काय, २३ नोव्हेंबरचा तो सकाळचा शपथविधी काय! अखेर २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांनी शपथ घेतली, तीही कालपर्यंतच्या विरोधकांच्या आधारावर.

याउलट २००४ साल आठवा. राष्ट्रवादीचे ७१ आमदार, काँग्रेसचे ६९. तरी मुख्यमंत्री झाले काँग्रेसचे विलासराव देशमुख. राष्ट्रवादीने बदल्यात उपमुख्यमंत्रिपद आणि जास्तीची मंत्रिपदे घेतली. त्याग वगैरे काही नाही हो, रोकडा व्यवहार! पण तो उघड होता. अजित पवारांनी पुढे त्या हुकलेल्या संधीबद्दल जाहीर हळहळ केली, तरी त्यावरून आघाडी काही मोडली नाही.

पक्षापक्षांचे असे, आणि एकाच घरात विश्वास उडाला म्हणजे? जून २०२२ मध्ये शिवसेनेने एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरींना नेमले. शिंदे गटाने म्हटले, नेता शिंदेच. उपाध्यक्षांनी एकाला मानले, नव्या अध्यक्षांनी दुसऱ्याला. गटनेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार मूळ पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. पण ठाकरे बहुमताच्या परीक्षेला न थांबताच राजीनामा देऊन बसले होते, तेव्हा निकालाने सरकार काही बदलले नाही.

आमचे वालावल कुडाळ मतदारसंघात येते. येथे २०१४ साली वैभव नाईकांनी नारायण राण्यांना धनुष्यबाणावर हरवले. २०२४ साली राण्यांचे चिरंजीव नीलेश यांनी नाईकांना हरवले, तेही धनुष्यबाणावरच. नाईकांच्या हाती त्या वेळी मशाल होती.