विंडोज १० वरून ११ वर जाताना आधी खातेवही सांभाळा

आज अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर असतो. मालाची बिले, गिऱ्हाइकांची उधारी, जीएसटीचे विवरण, सारे त्यातच. हा कॉम्प्युटर विंडोज १० वर चालत असेल तर पुढील माहिती लक्षात घ्यावी.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण नव्याने सापडणाऱ्या चोरवाटा बुजवल्या जात नाहीत. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय जाहीर केली होती; परंतु तो कायमचा इलाज नव्हे.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे चालतात. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम याची तपासणी करून देतो. पुष्कळदा टीपीएम मशीनमध्ये असते, पण बायोसच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेले असते. तेव्हा कोणी 'नवे मशीनच घ्या' म्हणाले, तरी आधी हे पाहून घ्यावे. मशीन पात्र असेल तर विंडोज ११ मोफत मिळते. पात्र नसलेल्या मशीनवर आडमार्गाने विंडोज ११ घालून देणारे कारागीर भेटतात. पण अशा मशीनला पुढील दुरुस्ती मिळेलच याची हमी कंपनी देत नाही.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिटच्या विंडोज १० वर चालणारे डॉसच्या काळातले हिशेबाचे प्रोग्राम त्यावर थेट चालत नाहीत. शिवाय ३२ बिटवरून जायचे तर सर्व नव्याने घालावे लागते. जुना प्रिंटर व बारकोडचे मशीन यांचे ड्रायव्हर मिळतात का, हेही आधीच विचारावे.

हात घालण्यापूर्वी हिशेबाच्या दोन प्रती काढाव्यात व एक दुसऱ्या जागी ठेवावी. ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. हार्ड डिस्क पुसायची असल्यास टॅलीचे लायसन्स आधी 'सरेंडर' करावे. नव्याने विंडोज घातल्यावर डिस्कला आपोआप कुलूप लागू शकते. त्याची ४८ अंकी किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली त्यात जमा होते. म्हणून खाते मालकाच्या नावाचे असावे, दुरुस्ती करणाऱ्याच्या नव्हे.

सणाच्या हंगामात किंवा जीएसटीच्या तारखांच्या तोंडावर हे काम काढू नये. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी ११ व २० या तारखा महत्त्वाच्या. जुने न पुसता वरच्या आवृत्तीवर गेल्यास १० दिवसांच्या आत पूर्वीच्या विंडोजवर परतता येते. त्या दहा दिवसांत एक बिल छापावे, एका गिऱ्हाइकाची उधारी काढावी, विवरणाची फाईल तयार करून पाहावी. हे सारे नीट चालले तरच काम पुरे झाले असे समजावे. गेलेले मशीन बाजारात पुन्हा मिळते, उधारीची वही मिळत नाही.