उतरती पायरी

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला रोज कितीतरी जिने चढावे-उतरावे लागतात. अंधेरी किंवा घाटकोपर येथे लोकलमधून उतरून मेट्रोकडे जायचे, तरी वाटेत जिने येतातच. डोळस माणसाचे पाय ते सहज ओलांडतात. अंध माणसाला मात्र प्रत्येक जिना आधी ओळखावा लागतो. त्यातही उतरता जिना अधिक धोक्याचा असतो. चढत्या पायरीला ठेच लागते. उतरत्या पायरीवर पायाखालची जमीनच नाहीशी होते.

पांढरी काठी हे अंधांचे जुने व भरवशाचे साधन होय. ती एक पाऊल पुढची जमीन चाचपते. तिचे टोक अधांतरी गेले, की पायरी आली असे समजावे. परंतु मागून माणसांचा लोंढा येत असता एका पावलाचा अवधी अपुरा पडतो. ही सूचना लवकर मिळावी, म्हणून शास्त्रज्ञांनी संवेदकाचे साहाय्य घेतले.

संवेदक वटवाघळाप्रमाणे काम करतो. २०,००० हर्ट्‌झपेक्षा अधिक वारंवारतेचा ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. त्यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. संवेदक हा ध्वनी सोडतो व त्याचा प्रतिध्वनी टिपतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात परतला, तर त्याने जाऊन-येऊन ३.४ मीटर अंतर कापले. म्हणजेच वस्तू १.७ मीटरवर आहे. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेली व २०१४ मध्ये लोकांपुढे आलेली ‘स्मार्टकेन’ याच तत्त्वावर चालते. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत, ३ मीटरपर्यंत असलेला अडथळा ती मुठीच्या कंपनाने कळविते.

चढता जिना ओळखण्यास एक संवेदक खाली व एक वर बसवितात. समोर भिंत असल्यास दोघांची अंतरे सारखी येतात. जिना असल्यास खालच्याला पहिली पायरी जवळ, तर वरच्याला वरची पायरी दूर सापडते.

पण उतरत्या जिन्यापाशी समोर काहीच नसते. जे नाही, त्याचा प्रतिध्वनी कोठून येणार? त्यासाठी संवेदक पुढच्या जमिनीकडे तिरपा रोखतात. सपाट जमिनीवरून प्रतिध्वनी ठरावीक वेळाने येत राहतो. पायरी येताच त्याला उशीर होतो. यंत्राला खोली दिसत नाही. जमीन संपली, एवढे ते ताडते. काठीही हेच करते. यंत्र ते काही पावले आधी करते.

तथापि यंत्रही फसते. गुळगुळीत फरशीवर तिरपा पडलेला ध्वनी, आरशावरील प्रकाशाप्रमाणे, पुढेच निघून जातो. मग सपाट जमीनही खड्ड्यासारखी भासते. गर्दीत तर पुढच्या माणसाचे पायच त्याला पायरी वाटू शकतात. म्हणून संवेदक आला, तरी काठी टाकून चालत नाही.

दुसरा उपाय वाटेतच करता येतो. जपानमधील सेइइची मियाके यांनी योजलेल्या उठावाच्या फरश्या १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसविल्या गेल्या. आज मुंबईच्या मेट्रो स्थानकांतही अशा फरश्या आढळतात. त्यांवरील लांब रेघा ‘पुढे चला’ असे सांगतात, तर गोल उंचवटे ‘सावध’ असे बजावतात. या फरश्यांवर आपण सामान ठेवले किंवा घोळका करून उभे राहिलो, तर ती सूचनाच पुसली जाते. ती वाट मोकळी ठेवण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.